नॅटच्या डाव्या बाजूचं नाव

“वाघ काढा साहेब. तोंड उघडं असलेला. पाहूनच धडकी भरली पाहिजे.”

संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब खाली उभे होते आणि मी विमानाच्या नाकाशी घोड्यावर बसून जुना रंग खरवडत होतो. घोडा म्हणजे रंगाऱ्याची उंच तिवई. डोळ्यांत धूळ, हातात सँडपेपर. वाघ काढण्याच्या मनःस्थितीत मी अजिबात नव्हतो.

“हे विमान ज्या स्क्वाड्रनमध्ये होतं, तिच्या चिन्हात वाघ नव्हता,” मी म्हणालो.

“कोणाला माहीत आहे?”

“मला.”

“बरं, मग कॉकपिटच्या खाली छोटे छोटे झेंडे तरी काढा. शत्रूची पाच विमानं पाडली, अशा खुणा असतात ना? मी फोटोत पाहिलं आहे.”

“यानं एकही पाडलेलं नाही.”

“तुमी भलतेच कायद्याचे मानूस आहात बुवा,” दादासाहेब हसत म्हणाले. मग शेपटीवरच्या आकड्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, त्या नंबराच्या जागी त्यांच्या गाडीचा नंबर टाकला तर काही हरकत आहे का. त्यांना तो लाभतो म्हणे.

मी सँडपेपर बदलला आणि पुढे घासत राहिलो. काही प्रश्नांना आवाजानंच उत्तर द्यावं.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. इंजिन, वीज आणि तोफा सोडल्या तर विमानाचं जे अंग उरतं ते आमच्याकडे. पत्रा, रिव्हेट, चाकं, रंग. वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन यवतमाळला आलो आणि स्वस्थ बसता येईना. तेव्हापासून निवृत्त विमानं उभी करून देण्याचं काम करतो. हवाई दल जुनी विमानं शाळांना, कॉलेजांना, नगरपालिकांना देतं. ती सुटी होऊन येतात. कोणीतरी ती जोडावी लागतात आणि रंगवावी लागतात. विदर्भात हे काम करणारे फार नाहीत. म्हणून गंगेत घोडं न्हालं, म्हाताऱ्याला धंदा मिळाला.

हे विमान नॅट. इतकं लहान लढाऊ विमान, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मोठं विमान मागून येत असेल. नागपूरकडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ते पोरांना शिकवायला ठेवलं होतं. कॉलेज बंद पडलं. दादासाहेबांनी मंत्रालयापर्यंत खटपट केली आणि ते राळेगाव तालुक्यातल्या आपल्या शाळेसाठी मिळवलं. कापसाच्या गठाणी वाहणाऱ्या ट्रकमधून आलं. धड एका खेपेला, पंख दुसऱ्या. जिथं जिथं ग्रीस होतं तिथं सरकी आणि रुई चिकटलेली. ती वेचण्यात माझी पहिली सकाळ गेली.

विमान आणण्याचं कारण खरं होतं. या गावचा पुंडलिक झाडे एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. कॉर्पोरल होता, माझ्यासारखाच ग्राउंड क्रू. म्हणजे विमान उडवणारा नव्हे, उडण्याजोगं ठेवणारा. पश्चिमेच्या एका धावपट्टीवर शत्रूनं बॉम्ब टाकले तेव्हा तो विमानाजवळच होता. मी दुसऱ्या तळावर होतो, त्याला कधी पाहिलं नाही. त्याच्या नावानं स्मारक व्हावं असं गावाच्या मनात वर्षानुवर्षं होतं. दादासाहेबांनी ते मनावर घेतलं. त्यांचं तालुक्याला मोठं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. सव्वीस जानेवारीला अनावरण ठरलं होतं. पाहुणे मोठे होते.

आता खुणांबद्दल. लढाऊ विमानावर दिसते ती प्रत्येक खूण काहीतरी सांगते. पंखावर आणि अंगावर तिरंगी गोल असतो, त्याला राउंडेल म्हणतात. केशरी बाहेर, मध्ये पांढरा, आत हिरवा. तो देश सांगतो. (दादासाहेबांना त्यात अशोकचक्र हवं होतं. तेही मी नाकारलं.) शेपटीजवळचा नंबर हा विमानाचा जन्माचा नंबर. विमान या स्क्वाड्रनमधून त्या स्क्वाड्रनमध्ये जातं, नंबर मरेपर्यंत तोच. स्क्वाड्रन म्हणजे दीडेक डझन विमानांचं एक बिऱ्हाड. त्या बिऱ्हाडाचं चिन्ह नाकावर किंवा शेपटीवर असतं. आणि आमच्या स्क्वाड्रनमध्ये आणखी एक पद्धत होती. कॉकपिटच्या खाली डाव्या बाजूला पायलटचं नाव, उजव्या बाजूला ते विमान सांभाळणाऱ्या ग्राउंड क्रूचं. पायलट डावीकडूनच चढतो, म्हणून तो मान डावीकडे. हे नाव म्हणजे आमच्यासाठी घरावरची पाटी होती.

ठरलं होतं ते एवढंच, की उजव्या बाजूला पुंडलिक झाडेचं नाव यावं. पडदा सरकेल तेव्हा पाहुण्यांना पहिलं तेच दिसावं.

कॉम्प्रेसर मी गावातूनच घेतला. रंग स्प्रे गननं मारायचा तर हवा लागते आणि हवा असते पंक्चरच्या दुकानात. दुकानदार देविदास चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. कॉम्प्रेसर आणला आणि स्वतःही थांबला. पहिल्या दिवशी प्रायमर मारायला मी मास्क चढवला. दोन्ही गालांवर डबे असलेला रबरी मास्क. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

“हे कायले लावता?”

“रंगाचे कण बारीक असतात. थिनरची वाफ असते. छातीत गेली की काही वर्षांनी हिशेब मागते.”

“रंगानं मानूस मरते?”

“एका दिवसात नाही.”

तो कॉम्प्रेसरच्या काट्याकडे बघत म्हणाला, “आमी तं फवारतानी दुपट्टा बांधतो. तोही उकडलं का सोडून टाकतो.”

मग त्यानं सांगितलं. त्या हंगामात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. आश्विनाच्या उन्हात, वारा पडलेला, चायनाचा पंप पाठीवर. तो पंप धुक्यासारखं बारीक उडवतो. झाड उंच असलं की नळी वर धरावी लागते आणि वर उडवलेलं सगळं फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतं. अळी मरेना म्हणून औषधात औषध मिसळलेलं. जिल्ह्यात त्या दिवसांत किती माणसं दवाखान्यात पडली हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. या गावातून प्रकाश गेला. देविदासचा शाळेपासूनचा मित्र. आधी डोळ्यांपुढं अंधारी आली, मग उलट्या, मग यवतमाळच्या दवाखान्यात खाटेला बांधून ठेवावं लागलं.

“कोण प्रकाश?” मी विचारलं.

“प्रकाश झाडे. ज्यायचं नाव तुमी या इमानावर टाकून राह्यले, त्या पुंडलिकबावाचाच पोरगा.”

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दादासाहेबांनी स्मारकाची सगळी कथा सांगितली होती, एवढंच सोडून.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई आल्या. पुंडलिकची बायको. सत्तरीकडे झुकलेल्या, ताठ, डोक्यावर पदर. नवरा गेला तेव्हा प्रकाश पोटात होता. आमच्याकडे सोबत्याच्या बायकोला वहिनीच म्हणतात, मग सोबत्याला पाहिलेलं असो वा नसो. मी वहिनी म्हटलं, खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. विमानाभोवती एक फेरी मारली. विमान चाकांवर उभं होतं, बुटक्या ओट्यावर. खांबावर चढवायचं तर लोखंड फार लागतं, तेवढी संस्थेची तयारी नव्हती. त्यामुळे कॉकपिटची कड त्यांच्या हाताला येत होती.

“यायचं नाव कुठी येते, भाऊ?”

मी उजवी बाजू दाखवली. त्यांनी तिथं हात ठेवला.

“आन् त्या बाजूले?”

“तिकडं पायलटचं असतं. या विमानावर कोणाचं टाकायचं नाही. ती बाजू रिकामी.”

त्या डाव्या बाजूला गेल्या. मी मागे गेलो. त्या काही मागणार हे मला चालीवरून कळलं होतं. काय मागतील हे नव्हतं कळलं.

“रिकामी काहून ठेवता? माह्या प्रकाशचं लिवा.”

मी जे बोललो ते नियमाचं बोललो. “वहिनी, तो हवाई दलात नव्हता ना.”

“मले मालूम नाही का ते?” त्यांचा आवाज चढला नाही. “हे धावपट्टीवर गेले, तो वावरात गेला. दोघंही आपल्या कामावरच गेले. यायले बॉम्बनं मारलं. ते वरून आलतं. त्याच्याही तोंडावर वरूनच आलं.”

कॉम्प्रेसरपाशी बसलेल्या देविदासनं मान खाली घातली होती.

“हे गेले तवा कलेक्टर आलता आमच्या दारात. बाजा वाजला. सरकारनं मले ताई म्हतलं. प्रकाश गेला तवाही साहेब आले. मले इचारते, हातमोजे घातलते का त्यानं? चष्मा होता का? उपाशी पोटी फवारलं का? जसा काई माह्या पोरानंच गुन्हा केला. एका घरातले दोघं, भाऊ. एकाले हार, एकाले चौकशी. मले तो फरक नाही समजून राह्यला. तुमी शिकलेले, तुमाले समजत असन तं सांगा.”

मला समजत नव्हता. मी म्हणालो, “दादासाहेबांशी बोलतो.”

बोलण्याआधी मी स्वतःशी बरंच भांडलो. नियमानं पाहिलं तर नाव टाकता येत नव्हतं. विमानावरच्या खुणांच्या बाबतीत मी आयुष्यभर सूतभरही ढळलेलो नाही. वाघ नाही म्हटलं, झेंडे नाही म्हटलं, चक्र नाही म्हटलं, मग एका आईसाठी हो कसं म्हणायचं? उद्या दादासाहेब म्हणतील, तिला एक न्याय आणि मला एक? आणि ते बरोबरच म्हणतील. हेच मला खुपत होतं.

दादासाहेब त्यांच्या केंद्रात बसले होते. भिंतीभर बाटल्या, लेबलांवर विंचू, नाग, बाण. दोन गिऱ्हाईकं जाईपर्यंत थांबलो आणि सुमनबाईंचं म्हणणं सांगितलं.

त्यांनी चहा मागवला. ही माणसं नाही म्हणण्याआधी चहा मागवतात.

“साहेब, असं होत नसते. पुंडलिक लढाईत गेला. प्रकाश शेतात गेला. दोघं एका इमानावर कसे बसतीन? पाहुणे काय म्हनतीन?”

“डावी बाजू लोकांच्या समोर येत नाही. मागं भिंत आहे.”

“तुमी समजून नाही राह्यले.” त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बाटल्या कोनाच्या दुकानातल्या होत्या, हे लोक आधीच बोलून राह्यले. चौकशी चालू आहे. मी काय घरी बनवतो का औषध? वरून येते, मी इकतो. सगळेच इकतात. आता माह्याच शाळेत, मीच आनलेल्या इमानावर, त्याचं नाव? मी काय माह्याच हातानं पाटी लावू?”

त्यांचा चेहरा घाबरलेला होता. मला त्या माणसाची थोडी कीवही आली, आणि ती आली याचा राग आला.

“सुमनबाईला स्टेजवर बसवू,” ते म्हणाले. “साडीचोळी करू. सांगा तिला.”

मी सांगितलं. सुमनबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलल्या. “मंग यायचंही नका लिवू.”

हे दादासाहेबांना कळवलं तर ते उसळले. “तिच्या एकटीचा आहे का पुंडलिक? गावाचा आहे. तुमी लिवा नाव. पत्रिका वाटून झाल्या.”

म्हणजे घोडं अडलं. बायको नको म्हणते आणि अध्यक्ष टाका म्हणतात. नाव टाकलं तर त्या बाईच्या इच्छेविरुद्ध तिच्या नवऱ्याचं नाव मी माझ्या हातानं लिहिणार. नाही टाकलं तर दादासाहेब तालुक्याचा पेंटर बोलावून लिहून घेणार, आणि सोबत वाघही काढून घेणार.

रंगाचे डबे मोजत बसलो असताना मला एकाहत्तरचा डिसेंबर आठवला. खरं म्हणजे तो मी आठवत नाही, तोच अधूनमधून येतो.

लढाई लागण्याच्या सुमाराला हुकूम आला होता, सगळं पुसा. आमची विमानं चंदेरी होती, उन्हात आरशासारखी. वरून मैलभरावरून दिसत. ती मातकट हिरवी करायची होती. स्क्वाड्रनचं चिन्ह, रंगीत पट्टे, नावं, सगळं झाकायचं. कोणतं बिऱ्हाड कुठं उतरलं आहे हे शत्रूला कळू नये म्हणून. स्प्रे गन पुरेनात. आम्ही ब्रशनं, कुंच्यानं, झाडूनंसुद्धा रंग फासला. मी कॉकपिटखालचं एक नाव झाकत होतो तेव्हा ज्याचं ते नाव, तो पायलट शेजारी उभा राहून चहा पीत होता. म्हणाला, “नाम मिटा दिया? अच्छा किया. अब यमराज ढूँढेगा कैसे?” आम्ही सगळे हसलो. तो परत आला नाही. यमाला नाव वाचायची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दादासाहेबांना गाठलं.

“तुम्हाला एकाहत्तरच्या लढाईतलं विमान पाहिजे ना? खरंखुरं?”

“म्हणजे काय.”

“मग त्यावर नाव नको. चिन्ह नको. पट्टे नकोत. लढाईत सगळं पुसलं होतं. मातकट हिरवा रंग, विटका राउंडेल आणि नंबर. बस.”

“आन् लोकांना पाहायला काय?”

“सव्वीसला हवाई दलाचा अधिकारी येणार आहे. लढाईच्या रंगावर नाव आणि वाघ पाहिला तर तो तिथंच विचारेल, हे कोणी केलं म्हणून. माइक तुमच्याच हातात असेल.”

ही गोळी बरोबर लागली. चारचौघांत हसं होण्याची धास्ती मोठ्या माणसांना फार. थोडी घासाघीस झाली आणि तोडगा निघाला. विमान कोरं. शेजारी संगमरवरी शिळा. शिळेवर पुंडलिकचं नाव आणि खाली सौजन्य म्हणून केंद्राचं. शिळा माझ्या कामात येत नाही. तिच्याबद्दल मी बोलणार नव्हतो.

मी खूश होतो, हे कबूल करायला हवं. नियमही राहिला आणि त्या बाईचा शब्दही राहिला. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. अंगणात देविदासही होता. मी सगळं समजावून सांगितलं. लढाईत नावं पुसत, म्हणून विमानावर कोणाचंच नाव येणार नाही. ना पुंडलिकचं, ना प्रकाशचं. दोघं सारखे.

सुमनबाई तूर निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“पुसाच्या आंधी तिथं नाव होतं ना?”

“कुठं?”

“इमानावर. लढाईच्या आंधी.”

“होतं.”

“मंग पुसाले आंधी लिवा तं लागन. तुमी तं लिवल्याबिगरच पुसून राह्यले, भाऊ.” त्या माझ्याकडे पाहत होत्या. “लिवा दोघायचं. मले वाचू द्या. मंग पुसा. पुसाले माही ना नाही.”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला रंगाच्या क्रमाबद्दल कोणी टोकलं नव्हतं. आधी काय, मग काय, हे मी लोकांना शिकवत आलो. त्या जे म्हणत होत्या त्यात चूक काढायला मला जागाच सापडली नाही. लढाईतल्या प्रत्येक पुसलेल्या विमानाखाली नाव होतं. आमच्याखाली नव्हतं. म्हणजे माझं खरंखुरं विमान खोटं होतं.

“रविवारी शाळा बंद असते,” मी म्हणालो. “या.”

स्टेन्सिल मी घरीच कापली. स्टेन्सिल म्हणजे जाड कागदात अक्षरं कोरायची, तो कागद पत्र्यावर धरायचा आणि भोकांतून रंग मारायचा. हवाई दलात आमची अक्षरं इंग्रजी असत. ती कापायला सोपी. पण सुमनबाईंना वाचता यायला हवं होतं, म्हणून देवनागरी. आता देवनागरीत ‘झ’ स्टेन्सिलमध्ये कापून बघा. आतला तुकडा गळून पडतो. आडनावच झाडे. तीन कागद फुकट गेले, चौथ्याला जमलं.

रविवारी त्या आल्या तेव्हा उजवी बाजू मी लिहून ठेवली होती. कॉर्पोरल पुंडलिक झाडे. मापात, कॉकपिटच्या कडेला समांतर, नियमाप्रमाणे. त्यांनी ते वाचलं. मग आम्ही डावीकडे गेलो.

“प्रकाशच्या आधी काय लिहू?” मी विचारलं. मला उगीच वाटलं होतं, त्यांनी काही ठरवून आणलं असेल. शहीद वगैरे.

“काई नका लिवू. साधा मानूस होता तो.”

प्रकाश पुंडलिक झाडे. पांढरा रंग, पहिला हात, थोडं थांबून दुसरा हात. स्टेन्सिल उचलली. कडा स्वच्छ आल्या होत्या. देविदासनं नाव मोठ्यानं वाचलं आणि तिथून उठून कॉम्प्रेसरपाशी जाऊन बसला.

सुमनबाई समोर उभ्या राहिल्या. रंग ओला होता म्हणून हात लावला नाही. त्या रडल्या नाहीत. एकदा फक्त ओठ हलले, बहुतेक अक्षरं लावून वाचत होत्या. मला मात्र तिथं उभं राहवेना. एवढं सुबक लिहिलेलं नाव आपणच आता झाकायचं आहे, याचं मला मनापासून वाईट वाटत होतं.

रंग वाळला. मी हिरवा रंग ढवळला, गन भरली. मास्क चढवला, जादा होता तो देविदासला लावायला दिला. सुमनबाई तिथंच, हाताच्या अंतरावर.

“वहिनी, तुम्ही लांब उभ्या राहा. हे नाकात जाईल. त्रास होईल तुम्हाला.”

त्या हलल्या नाहीत. माझ्या तोंडावरच्या त्या रबराकडे बघत म्हणाल्या, “त्याले असं कोनीच नाही म्हतलं, भाऊ.”

मी गन खाली केली. कॉम्प्रेसर धडधडत होता, तो देविदासनं बंद केला. मला रडू आलं आणि मास्कच्या आत काही पुसता येत नाही. शेवटी सुमनबाईच स्वतः होऊन दूर गेल्या. कडुलिंबाखाली उभ्या राहून पदर नाकाशी धरला आणि तिथून म्हणाल्या, “मारा आता.”

मी मारला. आधी उजवी बाजू, मग डावी. आडव्या हातानं, एका गतीनं, जसं शिकलो तसं. पांढऱ्यावर हिरवा पहिल्या हातात पूर्ण बसत नाही, अक्षरं मातकट होऊन दिसत राहतात. दुसऱ्या हातात गेली.

सव्वीस जानेवारी ठरल्याप्रमाणे झाली. पडदा सरकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा बुचकळ्यात पडून. कोऱ्या हिरव्या विमानाकडे बघून पाहुण्यांनी विचारलं, यावर काही लिहिलेलं का नाही? दादासाहेबांनी माइक घेतला आणि सांगितलं, लढाईत वीर आपलं नाव पुसून लढतो, म्हणून आम्ही मुद्दाम असं ठेवलं. टाळ्या या वेळी मनापासून पडल्या. शिळेवर पुंडलिकच्या नावापेक्षा कृषी केंद्राचं नाव मोठं आलं होतं. भाषणांत पुंडलिक पुष्कळदा आला. प्रकाश एकदाही नाही. सुमनबाई स्टेजवर गेल्या नाहीत. त्या विमानाच्या मागच्या अंगाला, भिंतीच्या बाजूला उभ्या होत्या. लोकांना वाटलं, उन्हामुळे सावलीला गेल्या.

त्या चौकशीचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. केंद्र सुरू आहे. पुढच्या हंगामात पऱ्हाटी पुन्हा उभी राहिली आणि पंप पुन्हा पाठींवर चढले.

पावसाळ्यानंतर शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. विनयशील माणूस. म्हणाले, “सर, रंग छान टिकला आहे, फक्त डाव्या बाजूला काहीतरी उमटल्यासारखं दिसतं. सकाळचं ऊन तिरपं पडलं की अक्षरं असल्यासारखं वाटतं. उजवीकडेही थोडं आहे, पण डावीकडे जास्त. त्या झाडेबाई रोज येऊन तिथं हात फिरवतात, त्यानं रंग घासला जातो आहे का? दादासाहेब म्हणतात, घासून पुन्हा मारून द्या.”

याला कारण आहे. एका रंगावर दुसरा मारायचा तर खालच्या अक्षरांच्या कडा आधी सँडपेपरनं घासून सपाट कराव्या लागतात. नाहीतर कडेचा उंचवटा वरच्या रंगातूनही राहतो. डोळ्यांना एरवी दिसत नाही, बोटांना मात्र लगेच कळतो. हा आमच्या कामातला पहिल्या आठवड्याचा धडा आहे. मी तो कितीतरी जणांना शिकवला आहे.

मुख्याध्यापकांना मी सांगितलं, पत्रा जुना आहे, तिथं पुन्हा घासणं विमानाला मानवणार नाही, तसंच राहू द्या. त्यांनी दादासाहेबांना तसं कळवलं. तांत्रिक कारण म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. नाव पुसायचा हुकूम येतो, येणारच, आणि तो पाळावाही लागतो. पण पुसायच्या आधी ते नीट लिहावं. मापात, स्वच्छ, दोन हात देऊन. घाईनं लिहिलेलं नाव पुसलं की खरोखरच पुसलं जातं.